इंग्रजीतला भूतकाळ : 'केला होता' म्हणजे 'हॅड डन' नव्हे

खडूफळा

ऑफिसातली ईमेल, बँकेकडे केलेली तक्रार, मुलांच्या शाळेला लिहिलेली रजेची चिठ्ठी. इंग्रजीत आपण रोज जे काही लिहितो त्यातलं बरंचसं घडून गेलेल्या गोष्टींबद्दल असतं. मराठी माध्यमातून शिकलेल्या बहुतेकांना गो-वेन्ट-गॉन, टेक-टुक-टेकन घडाघडा म्हणता येतं. तरीही कागदावर उतरतं ते 'आय हॅड कॉल्ड यू यस्टरडे' नाहीतर 'आय हॅव सेंट द फाइल लास्ट वीक'. दोन्ही वाक्यांत क्रियापदाचं रूप अगदी बरोबर आहे. चुकलाय तो काळ.

माझ्या मते दोष पाठांतराचा नाही, गाईडातल्या त्या तक्त्याचा आहे. साधा भूतकाळ : मी गेलो : आय वेन्ट. पूर्ण वर्तमान : मी गेलो आहे : आय हॅव गॉन. पूर्ण भूतकाळ : मी गेलो होतो : आय हॅड गॉन. तीन खण समोरासमोर मांडले की वाटतं, गणित जुळलं. पण नावं जुळली म्हणून कामं जुळत नाहीत. मराठीतलं 'ला, ली, लं' काम पुरं झालं की नाही ते सांगतं. इंग्रजीतला साधा भूतकाळ ती वेळ मागे पडली की नाही ते सांगतो.

इथे शिकवणारे, तपासणारे, रोज इंग्रजीत लिहिणारे बरेच जण आहेत. तुमच्या क्षेत्रात कोणत्या चुका नेमक्या दिसतात आणि त्यातल्या आधी कोणत्या सुधारायला हव्यात, ते लिहा.

समांतर

तक्त्याबद्दल शंभर टक्के सहमत. 'होतो'चं मराठीतलं काम नीट बघण्यासारखं आहे. पुण्यात कुणी विचारलं, 'कधी आलास?' आणि उत्तर आलं, 'काल आलो', तर हा माणूस अजून पुण्यातच आहे. 'काल आलो होतो' म्हणाला तर येऊन परत गेलाय. 'दिवा लावला' म्हणजे दिवा बहुधा चालू आहे, 'दिवा लावला होता' म्हणजे आता तो विझलाय किंवा विझवलाय. म्हणजे आपला 'होता' बरेचदा इतकंच सांगतो की त्या कामाचा परिणाम आता उरलेला नाही.

इंग्रजी हा फरक क्रियापदात करतच नाही. 'काल आलो' आणि 'काल आलो होतो', दोघांनाही 'आय केम यस्टरडे'. माणूस परत गेला की नाही ते पुढच्या वाक्यातून कळतं.

'हॅड'साठी भूतकाळातले दोन क्षण लागतात. एक घटना, आणि तिच्याही आधीची दुसरी. 'व्हेन आय रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट.' मी पोचण्याआधीच गाडी सुटलेली होती. इथे 'हॅड' काढून नुसतं 'लेफ्ट' ठेवलं तर मी पोचलो आणि गाडी सुटली, असा अर्थ होतो. एका 'हॅड'ने गाडी मिळण्याची शक्यता येते किंवा जाते.

लिहिताना कसोटी सोपी आहे. वाक्यात 'त्याच्या आधीच' हे शब्द मनातल्या मनात घालून बघा. 'मी काल त्याच्या आधीच फोन केला होता'. कशाच्या आधी? उत्तर सापडत नसेल तर 'हॅड' खोडा.

अबोली

नियम मान्य, पण पहिला मान 'हॅड'ला द्यायला माझा विरोध आहे. 'आय हॅड कॉल्ड यू यस्टरडे' भारतभर लिहिलं जातं, वाचणाऱ्याला लगेच कळतं, कुणाचं काही अडत नाही. 'आय डिड नॉट वेन्ट'चं तसं नाही. ते वाचल्याबरोबर समोरच्याचं लक्ष मजकुरावरून उडतं, अर्जात असेल तर अर्ज बाजूला पडतो. नवशिक्याला आधी 'डिड' पक्कं करून द्या.

'डिड' आलं की भूतकाळाचं ओझं त्यानेच उचललं, पुढचं क्रियापद मूळ रूपात. 'डिड नॉट गो', 'डिड यू सी', 'डिड ही पे'. सगळ्यात जास्त घसरण 'हॅव' आणि 'यूज्ड टू' या दोन ठिकाणी होते. 'आय डिडन्ट हॅड टाइम' चूक, 'आय डिडन्ट हॅव टाइम' बरोबर. 'डिडन्ट यूज्ड टू' चूक, 'डिडन्ट यूज टू' बरोबर. हे दुसरं बोलताना ऐकायला येत नाही, लिहिताना मात्र डी दिसतो.

प्रश्नात आणखी एक खाच आहे. 'हू' स्वतः कर्ता असेल तर 'डिड' लागत नाही. 'हू कॉल्ड?' म्हणजे फोन कुणी केला. 'हू डिड यू कॉल?' म्हणजे तू फोन कुणाला केलास. 'हू डिड कॉल?' फक्त जोर देऊन विचारायचं असेल तेव्हा, म्हणजे याने केला नाही, त्याने केला नाही, मग केला तरी कुणी?

रात्रपाळी

अबोलीताई, कुणाचं काही अडत नाही हे वॉर्डात चालत नाही. केसपेपरवर आणि पाळी बदलताना देतात त्या नोंदीत काळ चुकला की अर्थ बदलतो.

'ही हॅज हॅड फीव्हर फॉर 3 डेज' : तीन दिवसांपासून ताप आहे आणि आत्ताही आहे.
'ही हॅड फीव्हर फॉर 3 डेज' : तीन दिवस ताप होता, आता नाही.

दुसरं वाक्य वाचून रात्रीची सिस्टर ताप उतरला असं धरून चालेल. आपल्याकडे तिसरंच लिहितात, 'ही इज हॅविंग फीव्हर सिन्स 3 डेज'. त्यात काळही चुकला आणि 'सिन्स'ही. 'सिन्स'पुढे सुरुवातीचा क्षण येतो : 'सिन्स मंडे', 'सिन्स 6 ए.एम.'. 'फॉर'पुढे मुदत येते : 'फॉर 3 डेज', 'फॉर 6 अवर्स'. मराठीत दोन्हीकडे 'पासून' चालतं, 'सोमवारपासून' आणि 'तीन दिवसांपासून', म्हणून 'सिन्स' सगळीकडे शिरतं.

'वॉमिटेड ट्वाइस सिन्स मॉर्निंग'च्या जागी 'हॅज वॉमिटेड ट्वाइस सिन्स मॉर्निंग'. सकाळपासून सुरू झालेली ती खिडकी अजून उघडी आहे, अजून उलटी होऊ शकते. आणि औषधाची नोंद घड्याळाच्या वेळेसकट असेल तर साधा भूतकाळच : 'पॅरासिटॅमॉल 500 एम.जी. वॉज गिव्हन ॲट 10 पी.एम.'. 'हॅज बीन गिव्हन ॲट 10 पी.एम.' लिहू नये.

समांतर

रात्रपाळी, 'सिन्स'चं निदान अचूक. त्यालाच जोडून 'हॅव'चा नियम सांगतो. संपलेली वेळ वाक्यात आली की 'हॅव' बाहेर. यस्टरडे, लास्ट वीक, टू डेज अगो, इन 2019, ॲट 4 ओ'क्लॉक, आणि प्रश्नातलं 'व्हेन'. यातलं काहीही असलं तर साधा भूतकाळ. 'व्हेन हॅव यू रीच्ड?' हे कधीच होत नाही, 'व्हेन डिड यू रीच?' असंच. वेळ सांगितलेलीच नसेल आणि महत्त्व आत्ताच्या परिस्थितीला असेल तर 'हॅव'. 'आय हॅव सेंट द फाइल' हे निर्दोष आहे, फाइल तुमच्याकडे आली आहे, उघडा. त्याच्या शेवटी 'यस्टरडे' चिकटवलं की ते बिघडतं.

'धिस मॉर्निंग' हा दोन्हीकडे जाणारा शब्द. सकाळी दहाला विचारायचं तर 'हॅव यू सीन हिम धिस मॉर्निंग?', संध्याकाळी पाचला विचारायचं तर 'डिड यू सी हिम धिस मॉर्निंग?'. घड्याळाप्रमाणे काळ बदलला. 'टुडे' मात्र दिवसभर उघडाच असतो.

सातासमुद्रापार

अमेरिकेत राहणाऱ्यांनी वरचा नियम थोडा सैल धरावा. 'जस्ट', 'ऑलरेडी', 'येट' यांच्याबरोबर इथे बोलताना सर्रास साधा भूतकाळ येतो. 'डिड यू ईट येट?', 'आय ऑलरेडी सेंट इट', 'ही जस्ट लेफ्ट'. ब्रिटिश वळणात तिथे 'हॅव यू ईटन येट?', 'आय हॅव ऑलरेडी सेंट इट'. दोन्ही चालतात, पण एकाच पत्रात मिसळू नका. 'यस्टरडे'बरोबर 'हॅव' मात्र दोन्हीकडे चूकच.

रूपांतही फरक आहेत. ब्रिटिश 'लर्न्ट, बर्न्ट, स्पेल्ट, ड्रेम्ट' टी लावून लिहिलं जातं, अमेरिकन बहुधा ई-डी लावून. 'गेट'चं तिसरं रूप तिकडे 'गॉट', इकडे 'गॉटन'. त्यातही खोच आहे. अमेरिकेत 'आय हॅव गॉट अ कार' म्हणजे माझ्याकडे गाडी आहे, आणि 'आय हॅव गॉटन अ कार' म्हणजे मी गाडी मिळवली, घेतली. 'डाइव्ह'चं 'डोव्ह' आणि 'स्नीक'चं 'स्नक' ही रूपंही इथे ऐकू येतात, लिहिताना 'डाइव्ड' आणि 'स्नीक्ड' कुठेही चालतं.

नदीकाठ

मूळ लेखातलं 'ला, ली, लं' म्हणजे काम पुरं, हे वाक्य मला फार पटलं, कारण मराठीत हेच रूप आपण भूतकाळ नसतानाही वापरतो. आणि तिथेच इंग्रजी बोलताना पाय अडकतो.

दारावर हाक आली की आतून 'आलो, आलो!'. माणूस अजून जागचा हललेला नसतो. इंग्रजीत 'कमिंग!', 'आय केम' नव्हे. चहा संपवत 'चला, मी निघालो' म्हणतो ते 'आय ॲम लीव्हिंग'. बस लांबून दिसली की 'आली, आली!' म्हणजे 'हिअर इट कम्स!'. 'भूक लागली' म्हणजे 'आय ॲम हंग्री', 'उशीर झाला' म्हणजे 'आय ॲम लेट', 'दमलो' म्हणजे 'आय ॲम टायर्ड'. 'पाऊस आला!' म्हणून दोरीवरचे कपडे काढायला धावतो तेव्हा 'इट्स रेनिंग!'.

'आहे' लावलेली रूपं त्याहून फसवी. 'तो झोपला आहे' हे 'ही हॅज स्लेप्ट' नाही, 'ही इज अस्लीप'. 'ती खुर्चीवर बसली आहे' म्हणजे 'शी इज सिटिंग'. 'तिने साडी नेसली आहे' म्हणजे 'शी इज वेअरिंग अ सारी'. 'गाडी बाहेर उभी केली आहे' म्हणजे 'द कार इज पार्क्ड आउटसाइड'. मराठीत आपण क्रिया झाल्याचं सांगून आत्ताची स्थिती दाखवतो, इंग्रजी सरळ आत्ताची स्थितीच सांगतं. 'ही हॅज स्लेप्ट' ऐकून समोरचा समजेल, झोप झाली, आता उठवायला हरकत नाही.

खडूफळा

नदीकाठ, ही यादी वर्गात फळ्यावर लिहून ठेवावी अशी आहे. भर घालतो : 'सापडलं!' इथे मात्र दोन्ही भाषा जुळतात, 'फाउंड इट!'. आणि 'समजलं' याला बोलताना 'गॉट इट' किंवा 'आय सी'. 'आय अंडरस्टुड' म्हटलं तर तेव्हा समजलं होतं, असा सूर लागतो.

ध्वनिवेध

लिहिण्याबद्दल भरपूर झालं, बोलण्याकडे वळूया. ई-डी चा उच्चार 'एड' असा आपण सरसकट करतो : 'आस्केड', 'वॉचेड', 'वॉकेड'. खरे उच्चार तीन आहेत, आणि मराठी वर्णमाला येणाऱ्याला ते ओळखणं अवघड नाही.

क्रियापदाचा शेवटचा ध्वनी अघोष असेल, म्हणजे क, च, प, फ, स, श यांतला, तर शेवटी 'ट' : वर्क्ट, वॉच्ट, स्टॉप्ट, लाफ्ट, पास्ट, वॉश्ट. शेवटचा ध्वनी घोष असेल किंवा स्वर असेल तर 'ड' : कॉल्ड, ओपन्ड, लिव्ड, प्लेड, ट्राइड. आणि मूळ क्रियापद ट किंवा ड नेच संपत असेल तर, आणि तेव्हाच, जादा अवयव (एका दमात उच्चारायचा शब्दाचा तुकडा, सिलेबल) 'इड' : वॉन्टिड, नीडिड, अटेंडिड, डिसायडिड. गळ्यावर बोट ठेवून 'स' आणि 'झ' म्हणा. 'झ'ला बोटाला कंप जाणवतो, 'स'ला नाही. कंप असला की ड, नसला की ट.

अक्षर बघू नका, ध्वनी ऐका. 'लाफ' जी-एच ने संपतो पण ध्वनी 'फ' आहे. 'फिक्स' एक्स ने संपतो, ध्वनी 'स', म्हणून 'फिक्स्ट'. 'आस्क्ट'मध्ये तीन व्यंजनं एकावर एक येतात. ज्यांची ती भाषा आहे तेही पटकन बोलताना मधला 'क' गाळून 'आस्ट' म्हणतात. तुम्हीही म्हणा, 'आस्केड'पेक्षा ते कितीतरी बरं.

पुढचा शब्द स्वराने सुरू होत असेल तर हा ट किंवा ड त्याला चिकटवा : 'वर्क्ट ॲट होम' हे 'वर्क-टॅट-होम' असं निघतं. ट स्पष्ट ऐकू येतो आणि जीभही अडखळत नाही. पुढचा शब्द ट किंवा ड ने सुरू होत असेल तर दोन्ही एकात विरघळतात. 'आय वॉक्ट टु द स्टेशन' आणि 'आय वॉक टु द स्टेशन' कानाला जवळपास सारखं. तिथे समोरचा काळ ओळखतो तो 'यस्टरडे'सारख्या शब्दांवरून. मुलाखतीत किंवा फोनवर वेळ सांगणारा शब्द वाक्याच्या सुरुवातीलाच टाकावा तो याचसाठी.

काही विशेषणं या नियमातून सुटली आहेत : 'नेकिड', 'विकिड', 'रॅगिड', 'क्रुकिड', विद्वान या अर्थी 'लर्निड', आणि वयस्कर लोक म्हणायचं असेल तेव्हा 'द एजिड'.

जुना_टंकलेखक

न बदलणारी क्रियापदंही इथे हवीत. पुट, कट, कॉस्ट, हिट, हर्ट, लेट, सेट, शट, स्प्लिट, स्प्रेड, ब्रॉडकास्ट. तिन्ही रूपं एकच. 'पुटेड', 'कटेड' नाही. 'कॉस्टेड' आहे, पण ते एखाद्या कामाचा खर्च काढला या अर्थी, वस्तू महाग पडली या अर्थी नाही. या क्रियापदांत काळ कळायची एक खूण आहे : 'ही कट द केक'. 'कट'पुढे एस नाही, म्हणजे वर्तमान नाही, केक कापून झालाय. 'आय कट द केक'मध्ये ती खूणही नाही, तिथे वेळ सांगावीच लागते.

'रीड' लिहायचं तेच, वाचायचं 'रेड'. 'लीड'चा भूतकाळ 'लेड', स्पेलिंग एल-ई-डी. शिसं या धातूचं नावही 'लेड'च उच्चारतात पण त्यात ए आहे, म्हणून 'ही लेड द टीम'मध्ये तो ए घुसतो. स्पेलचेकर हे सहसा पकडत नाही, कारण तोही शब्द खराच.

जोड्या पाठ करायच्या असतील तर या करा, बाकीची दोनशे-अडीचशे क्रियापदं हळूहळू बसतात :

फॉल-फेल-फॉलन म्हणजे पडणे, फील-फेल्ट-फेल्ट म्हणजे वाटणे, फेल-फेल्ड-फेल्ड म्हणजे झाड तोडून पाडणे.
फाइंड-फाउंड-फाउंड म्हणजे सापडणे, फाउंड-फाउंडेड-फाउंडेड म्हणजे संस्था स्थापन करणे.
ब्रिंग-ब्रॉट, बाय-बॉट. ब्रिंगमध्ये आर आहे म्हणून ब्रॉटमध्येही आर.
लाय-ले-लेन म्हणजे आडवं होणे, ले-लेड-लेड म्हणजे ठेवणे, लाय-लाइड-लाइड म्हणजे खोटं बोलणे. एकाचा भूतकाळ हे दुसऱ्याचं मूळ रूप, म्हणून इंग्रजांचीही इथे गल्लत होते.
हँग-हंग-हंग म्हणजे टांगणे, हँग-हँग्ड-हँग्ड म्हणजे फाशी देणे.

अबोली

म्हणजे 'आय हँग्ड माय शर्ट' लिहिलं की शर्टाला फाशी!

जुना_टंकलेखक

अगदी. आणि 'माय फादर फाउंड धिस स्कूल इन 1962' लिहिलं की वडिलांना शाळा रस्त्यात सापडली.

मुलं विचारतात, हे असं वेडंवाकडं का? उत्तर असं की ही वाकडी रूपं जुनी आहेत आणि रोजच्या वापराने टिकली आहेत. कमी वापराची क्रियापदं ई-डी च्या रांगेत गेली. 'हेल्प'चं जुनं तिसरं रूप 'होल्पन' होतं, 1611 च्या इंग्रजी बायबलात ते छापलेलं आहे. 'वेन्ट' तर मुळात 'गो'चं नाहीच, ते 'वेंड' या दुसऱ्याच क्रियापदाचं रूप, 'गो'ने उसनं घेतलं आणि परत केलं नाही. आपलं 'जा'चं 'गेलो' तसंच, त्यात 'जा' कुठे दिसतो?

शुद्धप्रत

अहवाल आणि इतिवृत्तं तपासणं हे रोजचं काम, त्यातलं सांगतो.

सभेचं इतिवृत्त पूर्ण साध्या भूतकाळात : 'द कमिटी अप्रूव्ड द बजेट', 'इट वॉज डिसायडेड दॅट...'. 'वॉज बीन डिसायडेड' अशी रचना इंग्रजीत नाही. एक तर 'हॅज बीन कॅन्सल्ड', वेळ न सांगता, नाहीतर 'वॉज कॅन्सल्ड ऑन मंडे', वेळ सांगून.

अपघाताचा किंवा बिघाडाचा अहवाल घडल्या क्रमाने लिहा, सगळं साध्या भूतकाळात. क्रम मोडून मागे जायचं असेल तेवढ्याच वाक्यात 'हॅड'. 'द पंप स्टॉप्ड ॲट 2:10 पी.एम. द ऑपरेटर हॅड क्लोज्ड द व्हॉल्व्ह ॲट 2 पी.एम.' इथे 'हॅड' लागतो, कारण आपण दहा मिनिटं मागे गेलो. आणि घड्याळाची वेळ असूनही 'हॅड' चालतो, 'हॅज' चालत नाही.

शोधनिबंधात तुम्ही केलेलं काम आणि मिळालेले निकाल भूतकाळात : 'सॅम्पल्स वेअर ड्राइड ॲट 60 डिग्रीज'. पण तक्ता काय दाखवतो ते वर्तमानात : 'टेबल 2 शोज'. तक्ता अजून पानावर आहे. रेझ्युमेत सोडलेल्या नोकऱ्या भूतकाळात, 'मॅनेज्ड, ट्रेन्ड, बिल्ट', चालू नोकरीतली चालू कामं वर्तमानात.

सगळ्यात जास्त लाल शाई खाते ती दुसऱ्याचं बोलणं सांगण्याची पद्धत. मराठीत 'तो म्हणाला की मी येईन', 'ती म्हणाली की बरं वाटत नाहीये'. बोलणाऱ्याचा काळ आपण जसाच्या तसा ठेवतो. इंग्रजीत 'सेड' आलं की आतलं वाक्यही एक पायरी मागे सरकतं : 'ही सेड ही वुड कम', 'शी सेड शी वॉज अनवेल'. गोष्ट अजूनही खरी असेल तर सरकवली नाही तरी चालते : 'शी सेड शी लिव्ज इन सांगली'. शंका असेल तर सरकवा, ते कधी चूक ठरत नाही.

मधली_सुट्टी

'कुड'बद्दल कुणी बोललं नाही. 'काल मी सगळं काम संपवू शकलो' याचं 'यस्टरडे आय कुड फिनिश द वर्क' करतात. 'कुड' म्हणजे अंगात क्षमता होती, केलं की नाही ते त्यात येत नाही. म्हणून 'ॲट फाइव्ह आय कुड स्विम' बरोबर, पाचव्या वर्षी पोहता येत होतं. पण एकदाच घडलेल्या, साधलेल्या गोष्टीला 'वॉज एबल टू' किंवा 'मॅनेज्ड टू' : 'आय मॅनेज्ड टू फिनिश', 'वी वेअर एबल टू गेट टिकिट्स'. नकारात अडचण नाही, 'आय कुडन्ट फिनिश' दोन्ही अर्थांनी चालतं. सी, हिअर, स्मेल यांसारख्या क्रियापदांनाही 'कुड' चालतं : 'आय कुड हिअर द साउंड'. 'वी कुड गेट टिकिट्स' वाचणाऱ्याला वाटेल, आपण तिकिटं काढू शकतो, काढूया का?

दुसरं, 'जायचो, खेळायचो, असायचं'. याला 'यूज्ड टू' आणि 'वुड' दोन्ही, पण 'वुड' फक्त क्रियेला. 'वी वुड गो टू द रिव्हर एव्हरी संडे' चालेल. 'देअर वुड बी अ थिएटर हिअर' म्हटलं तर इथे थिएटर असायचं हा अर्थ निघणार नाही, तिथे 'देअर यूज्ड टू बी'च हवं.

आणि 'आय वॉज नोइंग हिम' नाही, 'आय न्यू हिम'. नो, लाइक, वॉन्ट, बिलीव्ह, मालकी या अर्थी हॅव, यांना आय-एन-जी लावत नाहीत.

समांतर

जर-तरची वाक्यंही आली पाहिजेत. 'तू सांगितलं असतंस तर मी आलो असतो.' मराठीत दोन्ही बाजूंना 'असतो', त्यामुळे इंग्रजीत दोन्ही बाजूंना 'वुड हॅव' पडतं : 'इफ यू वुड हॅव टोल्ड मी, आय वुड हॅव कम'. 'इफ'च्या बाजूला 'हॅड', दुसऱ्या बाजूला 'वुड हॅव' : 'इफ यू हॅड टोल्ड मी, आय वुड हॅव कम'. आणि 'यायला हवं होतं' म्हणजे 'शुड हॅव कम'. 'शुड केम' नाही, 'हॅड टू कम'ही नाही. 'आय हॅड टू कम' म्हणजे मला यावंच लागलं, आणि मी आलो. अर्थ नेमका उलटा होतो!

अबोली

विनंतीच्या पत्रातला भूतकाळ खरा भूतकाळ नसतो, हेही नवशिक्यांना सांगायला हवं. 'आय वॉन्टेड टू आस्क', 'आय वॉज वंडरिंग इफ यू कुड' यातली इच्छा आत्ताचीच आहे. काळ मागे नेला की सूर मवाळ होतो. मराठीतही 'जरा काम होतं तुमच्याकडे' म्हणतोच की आपण, काम तर अजून बाकी असतं. या एका ठिकाणी शब्दशः उतरवलं तरी चालून जातं.

आणि रात्रपाळींचं वाचून 'कुणाचं काही अडत नाही' हे मी मागे घेते. क्रम मात्र तोच ठेवीन : आधी 'डिड', मग संपलेल्या वेळेबरोबरचं 'हॅव', मग 'हॅड'. पहिली दोन सरावाने लवकर सुटतात. 'हॅड'साठी दोन घटनांचा क्रम डोक्यात ठेवावा लागतो, तो लिहितालिहिता येतो.

खडूफळा

क्रम मान्य. फक्त ज्यांना अहवाल किंवा केसपेपर लिहायचे आहेत त्यांना 'हॅड' आणि 'हॅज हॅड' पहिल्या आठवड्यातच द्यावं. 'आय हॅड कॉल्ड यू यस्टरडे'वर शेवटचं : पुढे 'बट यू हॅड ऑलरेडी लेफ्ट' जोडायचं असेल तर 'हॅड' 'लेफ्ट'ला लावा, 'कॉल्ड' साधं ठेवा. तुम्ही आधी गेलात, मग मी फोन केला.

तिसरा_चहा

उपयुक्त धागा. एक विचारू का? 'ऑफर्ड'मध्ये आर एक आणि 'प्रिफर्ड'मध्ये दोन, असं का?

जुना_टंकलेखक

जोर कुठे पडतो त्यावर ठरतं. 'प्रिफर'मध्ये जोर शेवटच्या अवयवावर, म्हणून आर दोनदा. तसंच अकर्ड, रिफर्ड, ॲडमिटेड, कमिटेड. 'ऑफर'मध्ये जोर पहिल्यावर, म्हणून आर एकदाच. तसंच व्हिजिटेड, एंटर्ड, हॅपन्ड, फोकस्ड. एकाच अवयवाचा शब्द असेल आणि शेवटी एक स्वर, एक व्यंजन असेल तर दुप्पट : स्टॉप्ड, प्लॅन्ड, ड्रॉप्ड. एल चा अपवाद, ट्रॅव्हल्ड आणि कॅन्सल्ड ब्रिटिश पद्धतीत दोन एल ने, अमेरिकन पद्धतीत एका. 'पॅनिक'ला ई-डी लावण्याआधी के घालतात.